अनेक ईपीएबीएक्स, एकच दूरध्वनी-जाळे

एकाच संस्थेच्या दोन केंद्रांतील स्वतंत्र ईपीएबीएक्स यंत्रे व्हीओआयपीने जोडता येतात. प्रत्येक यंत्रास जोडलेला गेटवे आवाजाचे डिजिटल पॅकेट बनवतो आणि सिप या नियमावलीनुसार (आरएफसी ३२६१, २००२) दुसऱ्या गेटवेशी संपर्क साधतो. दोन्हीकडे २०१ हा क्रमांक असेल, तर केंद्रनिहाय आद्यांक द्यावा लागतो : ७-२०१, ८-२०१.

जी.७११ पद्धतीत एका संभाषणाच्या प्रत्येक दिशेस ६४ किलोबिट प्रतिसेकंद लागतात. पॅकेटवरील पत्त्याचा भार धरून सुमारे ८०, म्हणजे दहा संभाषणांस ८००. आवाज पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक विलंब होऊ नये, म्हणून जाळ्यात इतर माहितीपेक्षा आवाजाला अग्रक्रम द्यावा.

इंटरनेट किंवा वीज गेल्यावरही रुग्णवाहिका बोलावता आली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक केंद्रात या जाळ्यावर अवलंबून नसलेला एक फोन ठेवणे अत्यावश्यक आहे.