कच्च्या पु-अर चहाची रसपरीक्षा

गेल्या काही वर्षांत जुहू-विलेपार्ले परिसरातील रुग्ण आपल्या पिशवीतून एक गोल, कठीण चकती काढून वैद्यांपुढे ठेवू लागले आहेत. कागदात गुंडाळलेला हा चीनच्या युन्नान प्रांतातील पु-अर चहा होय. ‘मेद उतरतो म्हणतात, सकाळी अनशापोटी घेऊ का?’ हा प्रश्न ठरलेला. औषधविक्रेत्या बंधूंकडेही त्याची विचारणा होते. म्हणून आम्ही तो आपल्या पद्धतीने चाखून पाहावयाचे ठरविले.

या चहाचे दोन प्रकार. ओलाव्यात रास घालून, थोड्या आठवड्यांत आंबवून काढलेला ‘पक्व’ प्रकार १९७० च्या दशकात रूढ झाला. मूळचा तो कच्चा: मोठ्या पानांची चहाची पाने कढईत परतून, मळून, उन्हात वाळवून, वाफेवर मऊ करून दाबलेला. परंपरेने एक चकती ३५७ ग्रॅमची. चिनी लोक कच्च्यास ‘शेंग’ म्हणतात. आपल्या भुईमुगाशी त्याचा काही संबंध नाही! वर्षानुवर्षे ठेवल्याने तो मृदू होतो. आमच्या हाती आलेला मात्र जेमतेम दोन वर्षांचा होता.

५ ग्रॅम पाने, १०० मिली उकळते पाणी. पहिले पाणी टाकून दिले, नंतर प्रत्येकी १५ सेकंदांचे फांट. रंग फिकट सोनेरी व स्वच्छ. गढूळपणा किंवा धुराचा वास असता तर तो दोषच मानला असता.

निपातसमयी प्रथम तिक्त, पाठोपाठ कषाय. येथे चरकाचार्यांचे रसवर्णन फार उपयोगी पडते. तिक्त रस जिभेस नकोसा वाटतो, तथापि मुखास विशदता आणि प्रल्हाद देतो. कषाय जिभेस जड करतो, कंठ जणू बांधतो. उत्तम कच्च्या चहात तिक्तता लवकर ओसरते आणि मागे घशात मधुरता उमटते. आवळा खाऊन पाणी प्यावे तसे. तिसऱ्या-चौथ्या फांटात ती आम्हास स्पष्ट जाणवली. ज्याची तिक्तता जिभेच्या मुळाशी चिकटून राहते, ज्याचा कषाय गालांच्या आतून सुटत नाही, तो चहा कितीही महाग असो, हलकाच. शेवटी भिजलेली पाने उलगडून पाहावीत. अखंड व लवचीक असावीत, चुरा नसावा.

रसाचा निर्णय जिभेवर होतो. विपाक मात्र कर्मावरूनच कळतो. बृहत्त्रयीत या द्रव्याचा उल्लेख नाही. तेव्हा चार घोटांवरून त्यास ‘लेखन’ ठरविणे आम्हास मान्य नाही. तिक्त-कषाय आहे म्हणून मेदोहर, ही घाई बाजार करतो. वैद्याने करू नये. प्रत्यक्षात नवा कच्चा चहा अनशापोटी घेतल्यास अनेकांस मळमळ, पोटात ओढल्यासारखे व हातास कंप जाणवतो. वातप्रकृती, अनिद्रा, अम्लपित्त व मलावष्टंभ असलेल्यांस आम्ही तो स्पष्टपणे वर्ज्य सांगतो. पांडुरोग्याच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. चहातील कषाय घटक आहारातील लोहाचे शोषण कमी करतात. पुनर्नवा मंडूर वा नवायस लोह चालू असता निदान दोन तास अंतर ठेवावे. ज्यास हौसच आहे त्याने भोजनोत्तर, काही वेळाने, पातळ करून घ्यावा.

राहिला जुनेपणाचा मुद्दा. शार्ङ्गधरांनी विडंग, पिंपळी, गूळ, धान्य, घृत व मध सोडून इतर द्रव्ये नवीच घ्यावीत असे म्हटले. आसवांस मात्र जुनेपणाने गुण येतो. पु-अर आसव नव्हे, पण त्या पंक्तीजवळ बसतो खरा. मात्र ज्या हवेत तो मुरतो ती जुहूची नव्हे. समुद्रकाठच्या पावसाळ्यात आपली चूर्णे गोळा होतात, तेथे या चकतीस बुरशी लागावयास वेळ लागत नाही. पांढरी, हिरवी वा काळी केसाळ बुरशी किंवा कुबट वास आढळल्यास ‘मुरला आहे’ ही विक्रेत्याची सबब ऐकू नये. माल परत करावा. कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावी, आणि हिंग्वाष्टकाच्या बरण्यांशेजारी तर कधीच नको; चहा वास फार लवकर धरतो.