हजेरीतला एक, रजिस्टरातला एक लाख

परभणी जिल्ह्यातल्या सेलू-जिंतूरकडच्या शाळांत बहुधा एकच संगणक बरा चालणारा असतो. निकालपत्रके त्यावरच, शिष्यवृत्तीच्या याद्याही त्यावरच. अकरावीतली एखादी मुलगी विचारते, "सर, लिनक्सवर सर्व्हर कसा बसवतात ते मला स्वतः करून पाहायचंय." सर्व्हर बसवायचा तर 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी व्हावे लागते, आणि रूटच्या एका चुकीच्या आज्ञेने सगळ्या याद्या पुसल्या जाऊ शकतात. मग आपण म्हणतो, "नको, हात लावू नकोस," आणि खोलीला कुलूप घालतो. आम्हीही काही वर्षे तेच केले.

यावर लिनक्समध्येच एक उपाय आहे: कंटेनर. तो समजायला आपल्याकडचा जुना वाडा आठवावा. चार बिऱ्हाडे, प्रत्येकाचे दार वेगळे, चूल वेगळी. पण चौकातला आड एकच. संगणकात हा आड म्हणजे लिनक्सचा गाभा, कर्नल. आभासी यंत्र म्हणजे प्रत्येकाने वेगळे घर बांधून आपली विहीर खोदणे; त्याला स्वतःचे कर्नल लागते आणि स्मृतीही भरपूर लागते. कंटेनरला फक्त खोली लागते. म्हणून ४ जीबी स्मृतीच्या जुन्या संगणकावरही पाच-सहा कंटेनर सुखाने नांदतात.

खोल्यांच्या भिंती एकदम उभ्या राहिल्या नाहीत. १९७९ साली युनिक्समध्ये 'सीएचरूट' आले. त्याने कार्यक्रमाला फायलींचा एकच कोपरा दिसू लागला. लिनक्समध्ये २००२ पासून 'नेमस्पेस' येऊ लागल्या, २००८ मध्ये प्रत्येकाला स्मृती मापून देणारे 'सीग्रुप' आले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची भिंत २०१३ सालची, कर्नल ३.८ मधली. तिला 'यूजर नेमस्पेस' म्हणतात. ती शिक्षकांना कुणापेक्षाही लवकर कळावी.

प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटावर क्रमांक १ असतोच. पण शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याच मुलाचा नंबर वेगळाच असतो, आणि दाखला देताना रजिस्टरच पाहतात. लिनक्स माणसांना नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखते. रूटचा क्रमांक ०. कंटेनरमधल्या ० ला बाहेरच्या रजिस्टरात १००००० हा क्रमांक दिलेला असतो, आतल्या १००० ला १०१०००. आत मुलगी सर्वाधिकारी. भिंत फोडून बाहेर आलीच, तर जिच्या मालकीचे बाहेर जवळपास काहीच नाही अशी एक लाख क्रमांकाची पाहुणी.

मांडणी अशी. (आज्ञा रोमन अक्षरांत टंकायच्या, येथे उच्चार देत आहोत.) उबुंटू किंवा डेबियनवर 'एलएक्ससी' बसवावे. 'सबयूआयडी' आणि 'सबजीआयडी' या फायलींत आपल्या नावापुढे १००००० आणि ६५५३६ हे आकडे आहेत का ते पाहावे: पहिला आरंभ, दुसरा संख्या. (६५५३६ म्हणजे २ चा १६ वा घात, वर्गात विचारण्याजोगे.) हीच जोडणी आपल्या एलएक्ससीच्या 'डीफॉल्ट' फायलीत 'आयडीमॅप' या शब्दाने लिहावी, आणि 'एलएक्ससी-यूजरनेट' फायलीत आपल्याला जाळ्याच्या किती जोडण्या हव्यात ते नोंदवावे. मग 'एलएक्ससी-क्रिएट'ने कंटेनर उतरवून घ्यायचा आणि 'एलएक्ससी-अनप्रिव्ह-स्टार्ट'ने सुरू करायचा. इंटरनेट मंद असेल तर अल्पाइन हे लहानसे लिनक्स निवडावे.

आमचा कंटेनर पहिल्या दिवशी सुरूच झाला नाही. 'परवानगी नाही' एवढेच पुन:पुन्हा. वैतागून आम्ही आज्ञेआधी 'सूडो' लावून नवा कंटेनर केला, आणि तो लगेच चालला! आनंद तासभर टिकला. सूडोने केलेल्या कंटेनरात क्रमांकांची अदलाबदल मुळी नसतेच. आतला ० तोच बाहेरचा ०. असे कंटेनर रूटच्या हाती सुरक्षित नाहीत, असे एलएक्ससीचे कर्तेच सांगतात. खरी अडचण क्षुल्लक होती. कंटेनर आमच्या घर-फोल्डरात होता आणि एक लाख क्रमांकाच्या पाहुणीला त्यातून जाण्याची मुभा नव्हती. वाटेवरच्या फोल्डरांना तेवढी 'एक्स' परवानगी दिली. एक्सने ओसरी ओलांडता येते, सामानाची यादी पाहता येत नाही.

खात्री वर्गातच करून घेता येते. आत 'आयडी' ही आज्ञा दिली की उत्तर येते ०. आत 'स्लीप १०००' चालू ठेवून बाहेरून 'पीएस'ने पाहावे: तोच कार्यक्रम, मालक १०००००. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. एकाने आतले सगळे पुसून टाकले. आम्ही आधी 'एलएक्ससी-कॉपी'ने काढून ठेवलेली प्रत पुढे केली आणि तास चालू राहिला.

स्वतःच्याच प्रती काढत सुटणारा कार्यक्रमही कुणीतरी लिहितोच. म्हणून 'मेमरी.मॅक्स' आणि 'पिड्स.मॅक्स' या मर्यादा घालाव्यात. आम्ही ५१२ एमबी आणि २०० कार्यक्रम ठेवतो.

आड मात्र सामाईकच. कर्नलमध्येच दोष निघाला तर सगळ्या खोल्यांना धोका, म्हणून अद्ययावत कर्नल बसवत राहणे चुकत नाही. निकालपत्रकांची प्रत आम्ही अजूनही दर शनिवारी पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवतो. खोलीला कुलूप मात्र आता शाळा सुटल्यावरच लागते.