‘गंगाजल’ : ठाण्यातील भ्रष्टता आणि ठाण्यातील न्याय

प्रकाश झा दिग्दर्शित ‘गंगाजल’ (२००३) या चित्रपटाची चर्चा बहुधा प्रामाणिक अधीक्षक अमित कुमारभोवतीच फिरते. प्रस्तुत लेखिकेच्या मते त्याचा गाभा निरीक्षक बच्चा यादव हा आहे. बिहारमधील तेजपूर या काल्पनिक गावात (चित्रीकरण मात्र आपल्या वाई परिसरातले) पोलीस ठाणे साधू यादवच्या दावणीला बांधलेले असते. बच्चा यादवचे मन पुढे पालटते. पण ठाण्याला कायद्याची सवयच उरलेली नसते. तेथील पोलीसच पकडलेल्या गुंडांच्या डोळ्यांत ॲसिड ओततात आणि गाव त्यालाच ‘गंगाजल’ म्हणते. काल गुंडाला सोडणारा आणि आज त्याला आंधळा करणारा हात एकाच ठाण्याचा असतो.

या कथेमागे भागलपूरचे अंधत्व प्रकरण (१९७९-८०) आहे. ‘खत्री विरुद्ध बिहार राज्य’ (१९८१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यापलीकडेही पाहिले. आरोपींनी मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब फेटाळली. राज्याची आर्थिक अडचणही ग्राह्य धरली नाही. आरोपीला त्याचा हक्क सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरले. चित्रपटाचा भर ठाणे आणि जमाव यांवर आहे; दंडाधिकाऱ्याचे ते मौन त्याच्या चौकटीबाहेरच राहते.