वेगळी चूल मांडायची का?

गूगल फोटोजमध्ये हवे तितके फोटो फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ पासून संपली. तेव्हापासून ‘जागा संपत आली’ हा निरोप मोबाइलवर येतो आणि आगाऊ पाहुण्यासारखा हलायचं नाव घेत नाही. बारशापासून बारावीच्या निकालापर्यंतचं सगळं पंधरा जीबीत कसं मावणार? काही घरांनी महिन्याचे पैसे भरायला घेतले, तर काहींनी आमच्यासारखं घरातच एक साठवणीचं यंत्र मांडलं.

यंत्र म्हणजे फार काही नाही. ह्यांच्या दुकानातला जुना डेस्कटॉप, सोळा जीबी रॅम आणि चार टीबीच्या दोन नव्या डिस्क. एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक गेली तरी दुसरी हाताशी. त्यावर ट्रूनॅस नावाची फुकट मिळणारी प्रणाली बसवली. २००५ साली फ्रीनॅस म्हणून सुरू झालेली हीच ती. २०२० मध्ये तिचं नाव बदललं. घरातल्या वायफायवरचा कुठलाही मोबाइल, कुठलाही लॅपटॉप तिच्यात फाइली ठेवू शकतो. थोडक्यात, घराचं कोठीघर.

इथवर सगळं सरळ होतं. पण नुसत्या कोठीघरावर भागत नाही ना! मोबाइलवर काढलेला फोटो आपोआप आत जायला हवा, सासूबाईंना टीव्हीवर मामंजींच्या कीर्तनाच्या जुन्या ध्वनिफिती ऐकायच्या असतात, आणि मी घरबसल्या गावातल्या सात-आठ दुकानदारांचे हिशेब लिहिते, ती टॅली. एवढ्या कामांसाठी त्याच यंत्रावर वेगवेगळे प्रोग्रॅम चालवावे लागतात. ते चालवायचे दोन रस्ते आहेत आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

पहिला रस्ता प्लगइनचा. यात प्रोग्रॅम यंत्राच्या मूळ ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालतो, फक्त त्याला एक वेगळी खोली दिलेली असते. जुन्या फ्रीनॅसमध्ये या खोलीला चक्क ‘जेल’ म्हणत, कारण फ्रीबीएसडीत २००० सालापासून ती सोय त्याच नावाने होती. दुसरा रस्ता व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे व्हीएमचा. यात संगणकाच्या पोटात दुसरा आख्खा संगणक उभा राहतो, त्याची ऑपरेटिंग सिस्टीमही स्वतःची. फ्रीनॅसच्या पडद्यावरून व्हीएम बनवणं २०१७ च्या अकराव्या आवृत्तीपासून सोपं झालं. २०२२ मध्ये ट्रूनॅसची लिनक्सवरची आवृत्ती आली, तिच्यात प्लगइनच्या जागी ‘ॲप’ आहेत. नाव बदललं, प्रश्न तोच राहिला.

मैत्रिणींनो, एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे समजावून सांगायला इंजिनीअर लागत नाही. प्लगइन म्हणजे खोली वेगळी पण चूल एकच. व्हीएम म्हणजे वेगळी चूल, वेगळा गॅस, वेगळं रेशन. एका चुलीत खर्च कमी. नेक्स्टक्लाउडचं ॲप लागेल तेवढीच रॅम घेतं, पण विंडोज ११ ची व्हीएम निदान चार जीबी मागते आणि ती चालू असेपर्यंत तेवढी रॅम तिच्या नावावर बाजूला काढून ठेवावी लागते. आपल्या सोळातून ट्रूनॅसला आठ तरी हवीतच. हिशेब करा, एका व्हीएमच्या पुढे आमच्याकडे जागाच नाही.

मोठ्या दिरांचा मुलगा पुण्याला संगणकाचं शिकतो. तो दिवाळीत आला आणि म्हणाला, “काकू, सगळं एका व्हीएममध्येच टाका. तुमच्या मनासारखं चालेल, बिघडलं तर आख्खी पुसून नवी उभी करायची.” मुद्दा चुकीचा नव्हता. ॲप म्हणजे दुसऱ्याने कुटून पाकिटात भरलेला मसाला. मूळ प्रोग्रॅमची दुरुस्ती आली तरी पाकीट बांधणाऱ्याने नवं पाकीट काढेपर्यंत थांबावं लागतं. शिवाय सगळ्या खोल्यांची चूल एकच, म्हणून मूळ सिस्टीमलाच भोक पडलं तर सगळ्यांना झळ. व्हीएमची भिंत त्यापेक्षा जाड.

तरीही फोटोंच्या बाबतीत मला त्याचं पटलं नाही. कारण सांगते. व्हीएमच्या आत ठेवलेले फोटो तिच्या आभासी डिस्कमध्ये बंद होतात. बाहेरून बघाल तर तो एकच भला मोठा ठोकळा. व्हीएम उघडली तर फोटो, नाहीतर काही नाही. कोठीतल्या फोल्डरपर्यंत तिला जायचं असेल तर भाडेकरूसारखं नेटवर्कवरून दार वाजवून जावं लागतं. ॲपला मात्र तो फोल्डर थेट जोडून देता येतो. मी उद्या आजारी पडले, किंवा नसलेच, तर ह्यांना व्हीएम उघडता येईल का? नाही येणार. पण ‘फोटो’ नावाचा फोल्डर आणि आत २००९, २०१० असे वर्षांचे फोल्डर, एवढं त्यांना नक्की कळतं. मामंजींचा आवाज आता फक्त त्या ध्वनिफितींत उरलाय, तो मी कुठल्या ठोकळ्यात बंद करणार नव्हते.

म्हणून फोटो आणि ध्वनिफिती कोठीत उघड्या, वर नेक्स्टक्लाउडचं ॲप. एक गोष्ट मात्र आवर्जून बघा. ॲप बसवताना फाइली कुठे ठेवायच्या ते विचारलं जातं. तिथे आपण बनवलेला फोल्डर निवडायचा, नाहीतर ॲप स्वतःच्या जागेत ठेवतं आणि मग शोधाशोध होते. फोल्डर आपला असला की ॲप काढून टाकलं तरी फोटो जागेवरच राहतात.

टॅलीचं उलट. ती विंडोजवरच चालते, तिचं ॲप नाही. तिथे वेगळी चूल मांडण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि लोकांचे हिशेब आपल्या लग्नाच्या फोटोंपासून लांब असलेले बरे, हेही खरं. विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च धरून चाला. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर व्हीएम सुरूच होत नाही, ते आधी तपासा. व्हीएमची झाडलोटही आपल्याकडेच. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रं असतात, म्हणून विंडोजचे अपडेट मी २० नंतरच घेते. आधी व्हीएम नीट बंद करून तिचा स्नॅपशॉट काढते. अपडेटने काही बिघडवलं तर दोन मिनिटांत आदल्या रूपात परत.

आमच्याकडे वीज जायला निमित्त लागत नाही. यूपीएसची यूएसबी वायर यंत्राला जोडून ट्रूनॅसमध्ये तशी नोंद केली, की बॅटरी संपायच्या आत ते आधी व्हीएम आणि मग स्वतःला बंद करतं.

आणि दोन डिस्क आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. चुकून पुसलेलं दोन्हीकडून पुसलं जातं, आणि वीज कोसळली तर दोन्ही एकदमच जातील. फोटोंची आणि टॅलीच्या बॅकअपची एक प्रत दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर उतरवते. ती डिस्क नणंदेच्या घरी, तिच्या कपाटात, पैठणीखाली असते.