जुन्या एडब्ल्यू हबला नवे भाग

स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब १९३६ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला जन्मला. बऱ्याच हबांच्या कवचावर उत्पादनाचं साल ठोकलेलं असतं. सुटा भाग घेण्याआधी ते बघावं. २००० साली ही कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली, तरी भाग मिळणं थांबलं नाही.

चेनचं चक्र बदलणं सगळ्यांत सोपं. त्याच्या आतल्या काठाला तीन दात असतात. ते खाचांत बसवायचे, वरून स्प्रिंगची कडी चढवायची. आजचं चक्रही असंच बसतं. चक्र किंचित खोलगट असतं, त्यामुळे ते उलटं लावलं की चेनची रेषा काही मिलिमीटर सरकते. फार जुन्या हबांत मात्र चक्र आट्यांवर बसतं. तिथे हे जमत नाही.

खरी अडचण रिमची. जुन्या ब्रिटिश सायकलींच्या मागच्या हबला सहसा ४० आरे असतात, आजच्या रिमला बहुधा ३६ किंवा ३२ भोकं. हबची चार भोकं रिकामी सोडून ओढाताण करू नये, ४० भोकांचीच रिम शोधावी.

आतले गिअर मूळचेच ठेवावेत. नव्या रचनेत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली मोकळी जागा (न्यूट्रल) काढून टाकली आहे, त्यामुळे आतले सगळे भाग एकमेकांत चालत नाहीत. छर्रे मात्र त्याच मापाचे, बिनधास्त नवे घालावेत.