जागा कपाळी लिहिलेली नसते

वसमतच्या मैदानावर मुले फुटबॉल खेळू लागली की प्रत्येकाला गोलच करायचा असतो. मागे उभे राहण्यात कमीपणा वाटतो. अशा मुलांना पालकांनी १९६२ सालची हकीकत अवश्य सांगावी.

त्या वर्षी जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशाने शिक्षक. १९५६ पर्यंत आपले वसमतही हैदराबाद राज्यातच होते. जर्नेलसिंग हे संघाचे खंदे बचावपटू. थायलंडविरुद्ध त्यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीम यांनी त्यांना पुढे आघाडीवर खेळवले. त्यांची मागची जागा अरुण घोष यांनी सांभाळली. मधल्या फळीत मुंबईच्या टाटा संघाचे फॉर्च्युनातो फ्रँको होते. तेथील काम दुहेरी असते : चेंडू गेला की मागे धावायचे, मिळाला की पुढे पोचवायचा.

४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी गोल केले. दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून भारताने सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी कर्करोगाने रहीम यांचे निधन झाले. तेवढे यश आशियाई स्पर्धेत भारतीय फुटबॉलला पुन्हा लाभलेले नाही.

मैदानावरची जागा कोणाच्या कपाळी लिहिलेली नसते. संघाची गरज आणि खेळाडूची कुवत पाहून ती ठरते. म्हणून मूल खेळून घरी आले की "किती गोल केलेस?" एवढेच विचारू नका. "आपली जागा नीट सांभाळलीस ना?" हेही विचारा.