काजू वेचायला आजऱ्याला जाताना

मार्च-एप्रिलमध्ये आजरा, चंदगड भागातल्या बागांत काजूची बी पडू लागते. तयार गर विकणारे आपले काही व्यापारी बंधू हल्ली थेट बागेवर जातात. एक दिवस मजुरांबरोबर वाकून वेचले की माल कळतो, असा आमचा अनुभव आहे. मात्र तयारीने जावे.

पहाटेच निघावे. अंगात पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, पायांत बूट. पाचोळ्यात साप-विंचू असतात, म्हणून हातात काठी. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. तेव्हा बी फोडून बघायची हौस असेल तर हातांना आधी खोबरेल चोळावे.

झाड हलवून बोंडे पाडू नयेत. आपोआप पडलेलीच बी पक्की. शंका आली तर बादलीभर पाण्यात टाकावी. कच्ची, पोचट बी तरंगते. वेंगुर्ला-७ जातीची बी सुमारे १० ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभरेक बसतात. गावठी बी बारीक.

बारदान तागाचेच न्यावे. एका हंगामात आम्ही ओली बी प्लॅस्टिकच्या पोत्यांत भरून आणली आणि बुरशीने निम्मा माल गेला. बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवावीच लागते. ओलावा २० टक्क्यांवरून ८-९ वर आणताना १०० किलोंमागे १२ किलो वजन घटते. म्हणून भाव ओल्या मालाचा की वाळलेल्या, हे काटा लावण्याआधी बोलून घ्यावे. बागायतदार ओळखीचा असला तरी भीड धरू नये.